एका जागी उभं राहून

आमच्या बँकेच्या रिक्रिएशन क्लबात एक कॅरम आहे, एक टेबल-टेनिसचं टेबल आहे, त्याच्या एका पायाखाली १९९१ सालचं सेव्हिंग्जचं लेजर आहे, आणि गेली तीन वर्षं एक डार्टबोर्ड आहे. हा डार्टबोर्ड आमच्या एका निवृत्त मॅनेजरसाहेबांनी भेट दिला. ते मुलीकडे इंग्लंडला चार महिने राहून आले. लोक येताना चॉकलेट आणतात, यांनी हे गोल धूड बॅगेत घालून आणलं. भिंतीला खिळा ठोकायचा तर वरून परवानगी लागते, म्हणून पहिले सहा महिने तो कॅरमखाली पडून होता. परवानगी आली त्या दिवशी मी लंच टाइममध्ये पहिला डार्ट फेकला. तो बोर्डाच्या शेजारी लावलेल्या युनियनच्या नोटिशीत घुसला. माझ्यावर राजकीय हेतूचा आरोप झाला, तो मी हसून स्वीकारला.

तर सांगायची गोष्ट ही, की यंदाच्या आंतरशाखा क्रीडा महोत्सवात डार्ट्सचाही समावेश करावा, असं मी आमच्या क्रीडा-सचिवांना तोंडी सुचवलं. क्रीडा-सचिव क्रिकेटवाले आहेत. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी एकदा खेळले होते. ते म्हणाले, "अहो, एका जागी उभं राहून आकडे मोजायचे, याला काय खेळ म्हणतात? मग तुम्ही काउंटरवर रोज करता ते काय ऑलिंपिक का?"

सगळे हसले. मीही हसलो. क्लार्कला हे हसणं नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. रात्री अडीच वाजता मला या बोलण्यावर चोख उत्तर सुचलं, पण त्या वेळी ऐकायला फक्त आमची ही होती, आणि तिनं कूस बदलली. तेव्हा ते उत्तर आता इथं लिहितो. क्रीडा-सचिव वाचत नाहीत, पण तुम्ही वाचता.

पहिली गोष्ट, पळण्याची. डार्ट्समध्ये पळावं लागत नाही, हे खरं. पण पळणं हीच कसोटी असेल तर सव्वाआठची लोकल पकडणारी माझी मेहुणी गेली बावीस वर्षं राष्ट्रीय संघात हवी होती. पहिल्या स्लिपमध्ये उभा असलेला मनुष्य दिवसाचा बराचसा वेळ गुडघ्यावर हात ठेवून काय करत असतो? विचार करत असतो म्हणतात. आमचा डार्टवाला तोच विचार उभ्यानं करतो, आणि वर आकडेमोड करतो.

ही आकडेमोड म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण तिथंच सगळं आहे. बोर्डावर वीस घरं. मध्यभागी बुल, त्याचे पन्नास, भोवतीच्या कड्याचे पंचवीस. प्रत्येक घरात बाहेरच्या बाजूला एक चिंचोळी पट्टी, तिथं दुप्पट गुण. आत दुसरी पट्टी, तिथं तिप्पट. या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर. ती लागावी म्हणून तुम्ही सात फूट सव्वानऊ इंचांवर उभे. बोर्ड सिसलचा, म्हणजे आपल्याकडे बांधावर घायपात असतं ना, त्याच्या चुलतभावाच्या वाखाचा. तीन डार्ट फेकायचे. तिन्ही वीसच्या तिपटीत गेले तर एकशेऐंशी, याहून जास्त नाहीत.

आता गंमत मांडणीत आहे. वीसच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला पाच. एकोणीसच्या दोन्ही बाजूंना तीन आणि सात. म्हणजे मोठ्या रकमेला हात घालायला गेलात आणि बोटभर चुकलात, की हातात चिल्लर. ही मांडणी ज्यानं कुणी केली तो माणूस नक्की ऑडिटर असला पाहिजे.

आणि खेळ सुरू होतो तो शून्यापासून नाही. पाचशे एकपासून. आणि उलटा! फेकाल तेवढं वजा. शेवट बरोबर शून्यावर यायला हवा, तोही दुपटीच्या पट्टीवर डार्ट मारूनच. एक गुण जास्त झाला तरी ती सबंध पाळी रद्द, आणि तुम्ही मागच्या आकड्यावर परत. संध्याकाळी साडेपाच वाजता कॅश टॅली करणाऱ्या माणसाला मी याहून जास्त समजावत नाही. दहा रुपये कमी आले तरी बसा, आणि दहा रुपये जास्त आले तरी बसा. जास्त आले तर जरा जास्तच वेळ बसा. खेळाच्या जगात हा एकच खेळ मला असा दिसला, की ज्यात भरपूर कमावून भागत नाही, हिशेब जुळावा लागतो.

माझ्या आजीनं मला पावकी, निमकी म्हणायला लावली तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, पण डार्टवाले शेवटाला बत्तीस का ठेवतात ते निमकी येणाऱ्याला लगेच कळेल. बत्तीस म्हणजे सोळाची दुप्पट. पट्टी हुकून आतल्या सोळात गेला, तर उरले सोळा, म्हणजे आठची दुप्पट. तोही आत गेला, तर चारची. मग दोनची. मग एकची. चुकत गेलात तरी निम्मं निम्मं होत संसार चालतो. याला दूरदृष्टी म्हणतात. आमच्या कर्ज विभागात ही असती तर... पण ते असो.

डार्ट्स हा धंदा करून जगलेला माणूस कसा असतो, ते मला एरिक ब्रिस्टोकडे पाहून कळलं. आमची ओळख मोबाइलवर, रात्री, जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघताना झाली. रात्री मी त्या का बघत होतो, ते पुढं येईल. ब्रिस्टो १९५७ सालचा, लंडनच्या हॅकनी भागातला, साध्या घरातला. डार्ट असा धरायचा, की करंगळी वर उचललेली, जणू बशीतून चहा पिणारा एखादा जुना वकील. टोपणनाव 'क्राफ्टी कॉकनी', म्हणजे आपल्या भाषेत 'लंडनचा बेरकी'. हे नाव कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथल्या एका बारचं. तिथला शर्ट त्याला मिळाला, तो त्यानं घातला, आणि नाव अंगाला चिकटलं. आमच्याकडे एका शिपायाला एका सिमेंट कंपनीचा टी-शर्ट मिळाला होता, त्याचं असंच झालं. फरक एवढाच, की ब्रिस्टो १९८०, १९८१, १९८४, १९८५ आणि १९८६ असा पाच वेळा जगज्जेता झाला.

उद्धट होता. प्रेक्षकांनी हुर्यो केली की जास्त खुलायचा. सिड वॅडेल नावाचा समालोचक होता, केंब्रिजला इतिहास शिकलेला. त्यानं एकदा भर सामन्यात सांगितलं, की जिंकायला जग उरलं नाही म्हणून सिकंदर तेहतिसाव्या वर्षी रडला, आणि आपला ब्रिस्टो तर अवघा सत्तावीसचा आहे. क्रिकेटच्या समालोचनात मी अजून सिकंदर ऐकलेला नाही.

आता १९८३ सालच्या अंतिम सामन्याचं सांगतो, आणि सावकाश सांगतो, कारण या सामन्याचा निकाल मला आजतागायत मान्य नाही. गाव स्टोक-ऑन-ट्रेंट, जागा जॉलीज नावाचा कॅबरे क्लब. समोर कीथ डेलर, तेवीस वर्षांचा पोरगा, पात्रता फेरीतून वर आलेला. पाच-पाच सेट झाले, शेवटचा सेट चालू. डेलरचे उरलेत एकशेअडतीस. ब्रिस्टोचे एकशेएकवीस, आणि पाळी ब्रिस्टोची. दोन डार्टांत तो पन्नासवर आला. हातात तिसरा डार्ट. समोर बुल, पन्नास गुण. लागला तर सामना संपला. पण बुल हा वाटाण्याएवढा आकार. हुकला तर गैरसोयीचा आकडा उरण्याची भीती. त्यानं डेलरकडे पाहिलं असेल. एकशेअडतीस, तेही तीन डार्टांत, तेही अशा वेळी? हा पोरगा काय मारतो! ब्रिस्टोनं शांतपणे अठराच्या घरात डार्ट मारला आणि आपले लाडके बत्तीस ठेवले.

डेलरनं वीसची तिप्पट मारली. साठ. मग अठराची तिप्पट. चोपन्न. उरले चोवीस. बाराची दुप्पट. संपलं.

यावर लोकांनी ब्रिस्टोला शहाणपणा शिकवला. धाडस करायला हवं होतं म्हणाले. मी बी.कॉम. सेकंड क्लास आहे, आणि माझं स्वच्छ मत आहे की ब्रिस्टोचा हिशेब बरोबर होता. उत्तर चुकलं, हिशेब बरोबर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे ज्याला पटत नाही त्यानं आयुष्यात एकदाही मुदत ठेव मोडलेली नाही.

"पण साहेब, बिअर!" इति क्रीडा-सचिव, दुसऱ्या दिवशी, पान खात.

बिअरचं मी मान्य करतो. हा खेळ पबमध्ये वाढला. त्या काळातले खेळाडू टीव्हीवरसुद्धा ग्लास बाजूला ठेवून, सिगरेट ओढत खेळायचे, आणि त्यांची पोटं... पोटांविषयी मी बोलणं योग्य नाही. बीबीसीच्या 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या विनोदी कार्यक्रमानं तर दोन जाडे खेळाडू दाखवले होते, त्यांचे गुण डार्टांवर नाही, प्यायलेल्या पेगांवर मोजत. आता तसं राहिलेलं नाही. टीव्हीवरच्या सामन्यांत मंचावरची दारू १९८९ मध्ये बंद झाली. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की टेनिसचा खेळाडू गवतावर वाढला म्हणून तुम्ही त्याला गाय म्हणत नाही.

त्याच १९८९ साली ब्रिस्टोला ब्रिटिश सरकारचा एमबीई हा किताब मिळाला, डार्ट्समधल्या कामगिरीसाठी. आणि डार्ट्स हा खेळ आहे, अशी इंग्लंडच्या 'स्पोर्ट इंग्लंड' या सरकारी संस्थेची मान्यता मिळाली २००५ मध्ये. सोळा वर्षांचा फरक. म्हणजे राणीनं किताब दिला तेव्हा हा मनुष्य कागदोपत्री खेळतच नव्हता! तिकडेही आमच्या क्रीडा-सचिवांची एखादी शाखा असणार.

पैशाचं म्हणाल, तर ल्यूक लिटलर हा पोरगा २०२५ च्या जानेवारीत सतराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि पाच लाख पौंड घेऊन गेला. मी हे घरी सांगितलं. हिनं मनातल्या मनात गुणाकार केला, पाच कोटींच्या वर गेल्यावर सोडून दिला, आणि चिरंजिवांकडे पाहिलं. ते पंधरा वर्षांचे आहेत. टॉवेल दोरीवर टाकतात तो अजून खाली पडतो.

ब्रिस्टोच्या एका व्यवहाराबद्दल मात्र बँकवाल्यांना सांगितलंच पाहिजे. स्टोकजवळच्या बर्स्लेममध्ये त्याचा पब होता. तिथं फिल टेलर नावाचा एक कामगार यायचा. टेलर एका कारखान्यात संडासच्या साखळीला लावायच्या चिनी मातीच्या मुठी बनवायचा, पगार आठवड्याला बावन्न पौंड. ब्रिस्टोनं त्याचा हात पाहिला आणि सुमारे दहा हजार पौंड उसने दिले: नोकरी सोड, खेळ, आणि फेड. ना तारण, ना जामीन, ना तीन वर्षांची विवरणपत्रं. आमच्याकडे हे प्रकरण आलं असतं, तर 'व्यवसाय: बाण मारणे' एवढ्यावरच परत गेलं असतं. वसुलीची पद्धतही त्याची स्वतःची. टेलरनं हरल्यावर फोन केला, की जिंकल्याशिवाय फोन करू नकोस म्हणून फोन आपटायचा.

१९९० च्या जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात एका बाजूला ब्रिस्टो आणि दुसऱ्या बाजूला हा कर्जदार. कर्जदार सहा-एक असा जिंकला. पुढं एकूण सोळा वेळा जगज्जेता झाला. कर्जदारानं कर्ज फेडून वर सावकाराची गादीही घ्यावी, आणि सावकारानं आयुष्यभर 'बघा, माझी निवड' म्हणून मिरवावं, असं खातं मी तरी आमच्या पुस्तकांत पाहिलेलं नाही.

पण ब्रिस्टो त्या दिवशी नुसता टेलरसमोर हरला नव्हता. तो चार वर्षांपूर्वीच कुठंतरी हरायला लागला होता. त्याला एक दुखणं झालं होतं. इंग्रजीत त्याचं नाव 'डार्टायटिस'. नाव विनोदी आहे. १९८१ मध्ये 'डार्ट्स वर्ल्ड' मासिकाच्या संपादकानं काढलं. दुखणं असं, की हात वर जातो, मागं येतो, पुढं जातो, आणि डार्ट सुटत नाही. बोटं उघडत नाहीत. हाताला इजा नाही, नजर शाबूत, कसब शाबूत. हजारो वेळा केलेली गोष्ट हाताला एकाएकी नको होते. १९८६ च्या अखेरीला ब्रिस्टोला हे सुरू झालं. पाच वेळचा जगज्जेता रेषेवर उभा, करंगळी वर, आणि डार्ट बोटांत तसाच.

लोक यावरही हसले. मी हसलो नाही, कारण मला हे झालेलं आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली तेव्हा मी कॅशवर होतो. पुढचे सहा आठवडे काय झालं ते तुम्ही रांगेच्या त्या बाजूनं पाहिलंय. या बाजूनं सांगतो. सकाळी नऊ ते रात्री दहा, कधी अकरा. नोटा मोजायचं मशीन चौथ्या दिवशी बंद पडलं. मग हात. हजाराच्या, पाचशेच्या, ओलसर, हळदीच्या वासाच्या, डब्यात घड्या पडलेल्या. बायकांनी नवऱ्यापासून लपवलेल्या नोटा तर अशा यायच्या, की त्या घेताना आपणच चोर वाटावं. पहिल्या पंधरवड्यात दोनदा कॅश शॉर्ट आली. कॅशियरची शॉर्ट कॅशियरच्या खिशातून जाते; ती गेली. कुणी ओरडलं नाही. मॅनेजर फक्त म्हणाले, "जरा बघत चला." तेवढंच.

आणि डिसेंबरातल्या एका सोमवारी, एका म्हाताऱ्या बाईंचे दहा हजार द्यायचे होते. शंभराच्या नोटांचं एक पॅकेट. मी मोजलं, शंभर. पट्टी लावली. काचेच्या खालून हात पुढं केला. बाईंनी पॅकेट धरलं. आणि माझी बोटं सुटेनात. मला वाटलं, एक नोट जास्त गेली. परत घेतलं, मोजलं, शंभर. हात पुढं केला. सुटेना. परत घेतलं. रांग आधी गप्प झाली, मग बोलायला लागली. तिसऱ्या वेळी बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सोड रे बाळा. बरोबर असेल." आणि त्यांनी दुसऱ्या हातानं माझा अंगठा उचलला.

मी त्या आठवड्यात अर्ज करून इनवर्डला गेलो. कारण लिहिलं 'प्रकृती'. मोजण्यात माझ्यापेक्षा जलद शाखेत कुणी नव्हतं, चौदा वर्षांत नव्हतं, पण काउंटर बदलल्यावर कुणी विचारलंही नाही. एका जागी उभं राहून आकडे मोजणारा एक जाऊन दुसरा आला. रात्री झोप येईना, तेव्हा मोबाइलवर 'हात सुटत नाही' असं काहीतरी शोधत गेलो, आणि तिथं हा करंगळीवाला सापडला. त्या रात्री तासभर मी एक गोरा मनुष्य डार्ट न सोडताना बघत होतो. ही उठून म्हणाली, "काय बघताय एवढं?" म्हटलं, "क्रिकेट."

ब्रिस्टोनं खेळ सोडला नाही. तसाच रेषेवर उभा राहत गेला. १९८७, १९८९, १९९०, १९९१: चार वेळा जगज्जेतेपदाच्या अंतिम फेरीत आला, चारही वेळा हरला. १९९० मध्ये काही काळ जागतिक क्रमवारीत पुन्हा पहिला झाला. १९९७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यानं त्या फिल टेलरला उपान्त्य सामन्यात शेवटच्या सेटपर्यंत ओढलं आणि पाच-चारनं हरला. जगज्जेतेपद मात्र १९८६ नंतर पुन्हा नाही. ५ एप्रिल २०१८ ला लिव्हरपूलला डार्ट्सचाच एक कार्यक्रम चालू होता. तिथं आलेला असताना, सभागृहाच्या बाहेर, त्याला हृदयविकाराचा झटका आला. साठ वर्षांचा होता. आत बातमी कळली तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष केला. त्याच्यावर हुर्यो करणाऱ्यांतलेही त्यात असतीलच.

क्रीडा-सचिवांना मी यातलं काही सांगितलं नाही. लेखी अर्ज केला: 'विषय: आंतरशाखा क्रीडा महोत्सवात डार्ट्स या खेळाचा समावेश करणेबाबत.' सोबत बोर्डाची मापं, नियम, आणि 'या खेळास मैदान लागत नाही' हे अधोरेखित करून. इनवर्ड रजिस्टर माझ्याकडेच असतं. त्या दिवशी आवक क्रमांक चारशे सत्याण्णववर होता. मी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आणि दोन दिवस थांबलो. मग पाचशे एक नंबरला तो चढवला, शिक्का मारला, आणि आत पाठवला.

त्याला आता सात आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. लंच टाइममध्ये मी खाली जातो, सात फूट सव्वानऊ इंचांवर खडूनं ओढलेल्या रेषेवर उभा राहतो. युनियननं नोटीस बोर्डापासून दूर हलवली आहे. परवा वीसच्या तिपटीत दोन गेले. तिसरा हातात बराच वेळ राहिला, कॅरमवाले खेळ थांबवून बघत होते, पण सुटला. एकमध्ये गेला.